घोडीच्या गाडीचं गळकं छत

वरातीची घोडी न्यायला आम्ही पिकअपवर पत्र्याची खोली ठोकून घेतली होती. अवकाळी आला की छताचे सांधे गळायचे आणि पाणी नेमकं घोडीच्या पाठीवर. नामपूरच्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझं डोकंच फिरलं. सगळ्या सांध्यांत सिलिकॉन भरलं, वर डांबरी पट्टी दाबली, हवेची जाळीसुद्धा बुजवली. "आता गळून दाखव!" असं त्या पत्र्याला सुनावलं.

दुसऱ्या दिवशी घोडी घेऊन निघालो. सटाण्याजवळ दार उघडलं, तर घोडी ओलीचिंब. मला रडूच फुटलं. पण रस्ता तर कोरडा होता. छताला हात लावला. थेंब कोमट होते. तिचाच श्वास वर साचून तिच्यावर टपकत होता.

धापा टाकणाऱ्या घोडीला खाली उतरवलं. आभाळ गडगडायला लागलं होतं आणि मी छिन्नी-हातोडीने माझ्याच छताला भोकं पाडत होतो.