देस्पिनाचे गहू

नवरा जाऊन चाळीस दिवस झालेल्या बाईचं मी एकदा बाळ झाल्याबद्दल अभिनंदन केलं. खाजगीत नाही, अख्ख्या ग्रुपवर. सोबत फुगे टाकले आणि खाली विचारलं, "बाळाचं वजन किती?"

तेव्हा मी बासष्टची होते. माझी नातवंडं मला शहाणी समजतात, म्हणून स्पष्ट सांगते, बासष्टाव्या वर्षी मी अगदीच कोवळी होते. सिडनीतल्या एका लायब्ररीत कामाला होते. दर बुधवारी आमच्या हॉलमध्ये ग्रीक म्हातारे-म्हाताऱ्या जमायच्या. कॉफी, पत्ते, आणि गावाकडच्या जमिनीवरून भांडणं. लॉकडाऊन आला, हॉलला कुलूप लागलं आणि ती भांडणं ऑनलाइन ग्रुपवर सुरू झाली. मी टूनगॅबीच्या घरी, जेवणाच्या टेबलावरून त्या ग्रुपची मॉडरेटर. मॉडरेटर म्हणजे लग्नघरातली मावशी. कोण कोणाला काय बोललं त्यावर नजर ठेवायची आणि रुसलेल्याला समजावून पुन्हा पानावर बसवायचं.

ग्रीक मला येत नव्हतं. मंडळी अर्धं इंग्लिशमध्ये लिहायची. उरलेल्या अर्ध्यासाठी पोस्टखाली भाषांतराचं बटण होतं.

देस्पिना ग्रुपवरची सगळ्यात बोलकी बाई. कोणी नातवाचा फोटो टाकला की नजर लागू नये म्हणून खाली "थू थू थू" लिहायची. आमच्याकडे मीठ-मोहऱ्या, त्यांच्याकडे थुंकी. तेवढ्यावरून आमचं जमलं. मग ती महिनाभर गप्प झाली. तिची सून गरोदर आहे हे मला ठाऊक होतं. आजी झाली असेल, दुपटी धूत असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं. तिचा नवरा कोस्टास आजारी होता आणि गेला, हे चर्चच्या लोकांना माहीत होतं. ग्रुपवर तिने लिहिलं नव्हतं.

एका शुक्रवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, तिचा फोटो आला. मोठं ताट, वर पिठीसाखरेचा पांढराशुभ्र थर, त्यावर चंदेरी गोळ्यांचा क्रॉस आणि K हे अक्षर. एक कोपरा उघडा होता. त्यातून डाळिंबाचे दाणे आणि उकडलेले गहू दिसत होते. उकडलेले गहू म्हटल्यावर मराठी बाईला आणखी काय सांगायचं? बारशाच्या घुगऱ्या. क्रॉस आहे म्हणजे ख्रिश्चन बारसं. K आहे म्हणजे नावही ठरलं. फोटोच्या वर ग्रीकमध्ये दोन ओळी होत्या, पण चित्र इतकं स्पष्ट असताना वाचत कोण बसतं. मी अभिनंदन केलं, वजन विचारलं आणि पोस्ट पिन केली. पिन करणं म्हणजे सगळ्यांच्या वर डकवणं. ग्रुप उघडला की पहिली तीच दिसते.

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. ग्रीक माणसं इतका वेळ गप्प बसली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मग मनोलीसचं उत्तर आलं. हा रिटायर्ड न्हावी, बुधवारच्या टेबलाचा म्होरक्या.

"शेवटचं वजन केलं तेव्हा एकशे दहा किलो होतं. कोस्टासला जाऊन आज चाळीस दिवस."

मी बटण दाबलं. देस्पिनाने लिहिलं होतं, 'माझ्या कोस्टासचे चाळीस दिवस. चर्च बंद आहे. खायला कोणी नाही, निदान बघा तरी.' मी वाचून संपवते तोवर खाली बारीक अक्षरं उमटली. देस्पिना ग्रुप सोडून गेली.

मेगन माझी बॉस. वयाने माझ्या लेकीएवढी, स्वभावाने बर्फ. तिने व्हिडिओ कॉलवर शांतपणे सांगितलं की पोस्ट काढून टाक आणि टेम्प्लेट पाठव. टेम्प्लेट म्हणजे तयार माफीनामा. त्यात 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं असतं.

"मेगन, तिचा नवरा गेलाय. बस चुकलेली नाही."

मेगन म्हणाली, "मग याहून बरं काहीतरी सुचव. नाहीतर टेम्प्लेट जाईल."

मी फक्त माझे फुगे काढले आणि मनोलीसला फोन लावला. तो आधी बराच वेळ ग्रीकमध्ये ओरडला. ग्रीकमध्ये होतं म्हणून मला निवांत ऐकता आलं. मग त्याने समजावलं. या गव्हांना कोलिवा म्हणतात. दाणा मातीत जातो आणि पुन्हा उगवतो, म्हणून गहू. चाळिसाव्याला चर्चमध्ये प्रार्थना होते, मग जमलेला प्रत्येक जण घासभर खातो आणि म्हणतो, देव त्याला क्षमा करो. जितकी तोंडं जास्त, तितकं गेलेल्याचं भलं. देस्पिनाने सवयीने चर्चभर पुरतील एवढे गहू शिजवले होते. पाद्रीबाबांनी एकट्याने कॅमेऱ्यासमोर प्रार्थना केली. ताट तिच्या टेबलावर तसंच पडून होतं.

पिंडाला कावळा शिवेना म्हणून ताटकळलेली माणसं मी पाहिली आहेत. ते ताट मला लगेच कळलं.

मी विचारलं, फुलं पाठवू का?

"फुलं कोण खातं?" मनोलीस म्हणाला. "तोंडं आण."

मेगनचं म्हणणं पडलं की लायब्ररीला कोणाला खायला वाटता येणार नाही. मी सांगितलं, वाटतंय कोण? ज्याने त्याने आपल्या घरी शिजवायचं, आपल्या घरी खायचं आणि ग्रुपवर फोटो टाकायचा. आपण फक्त दिवस आणि वेळ सांगायची. मेगनने विचार केला आणि तिच्या तोंडून एकदाचं "नो वरीज" निघालं.

रविवारी सकाळची वेळ ठरली. मनोलीसने देस्पिनाला फोन करून कळवलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला, असं तो म्हणाला. म्हणजे ताट तिचं, आणि तीच येणार की नाही ते कोणाला ठाऊक नव्हतं.

फोटो येऊ लागले. वाट्या, कॉफीचे कप, एकेक चमचा. ज्यांच्याकडे गहू नव्हते त्यांनी बार्ली शिजवली. एका आजोबांनी नाश्त्याचे फ्लेक्स घेतले. प्रत्येकाखाली तीच एक ओळ. गहू उकडून रात्रभर फडक्यावर सुकवायचे असतात, हे मनोलीसने मला दोनदा सांगितलं होतं. मी शहाणी, कुकरला चार शिट्ट्या दिल्या. झाली लापशी. आमच्या ह्यांनी त्यात दूध-गूळ घालून वाटीभर खाल्ली, पण आधी मी त्यांच्याकडून 'देव त्याला क्षमा करो' वदवून घेतलं. मीही ती ओळ ग्रीकमध्ये अक्षर अक्षर बघून टाइप केली आणि लापशीचा फोटो टाकला.

तेवढ्यात बारीक अक्षरं दिसली. देस्पिना ग्रुपमध्ये आली.

कोणी तिचं स्वागत केलं नाही. कोणी काही विचारलं नाही. चमचे येतच राहिले. तिने एक शब्दही लिहिला नाही, पण प्रत्येक फोटोखाली तिने पाहिल्याची खूण उमटत गेली, अगदी शेवटच्या चमच्यापर्यंत.

या प्रकरणातून धडा एवढाच, की पोस्ट पिन करण्याआधी भाषांतराचं बटण दाबावं. हे आमच्या ट्रेनिंगमध्ये होतंच. ते ट्रेनिंग मीच द्यायचे.

सोमवारी देस्पिनाचा फोन आला. मी माफीची चार वाक्यं घोकून ठेवली होती. तिने पहिलंच तोडलं आणि विचारलं, फोटोत ते काय होतं? मी कुकरचं सगळं कबूल केलं. तिने ऐकून घेतलं, मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "लॉकडाऊन उठला की माझ्याकडे ये आणि नीट शिकून घे. माझ्या चाळिसाव्याला माझी मुलं दुकानातून केक आणतील, मला माहीत आहे."