हळदीच्या मांडवातली आत्या

कॅलामाइन लोशनचा वास आला की मला रहिमतपूरच्या चुलतबहिणीची हळद आठवते. आत्याचा कॅन्सर हाडांत पसरला होता. सांगलीत नवं औषध सुरू झालं आणि तिच्या मानेवर, दंडांवर, पार बोटांपर्यंत लालभडक गांधी उठल्या. डॉक्टरांनी खाजेवर गोळ्या नि लोशन दिलं, औषध मात्र चालूच ठेवलं. ती मांडवात शिरली तशा बायका सरकून बसल्या. नवरीची मामी म्हणाली, "आवं आत्याबाई, तुमी आत पडा जरा. पोरीला काय लागलं म्हंजे?" आत्यानं अंगभर घेतलेला पदर काढून कमरेला खोचला. "ह्या औषधाच्या गांधी हायत, कुणाला लागत न्हाईत. रोग झाला म्हणून लपून बसू व्हय? भाचीला हळद लावायला आलीया, लावूनच जानार." मग नवरीच पाटावरून पुढं वाकली आणि तिनं गाल पुढं केला. आत्यानं दोन्ही गालांना हळद चोपडली आणि पंगती उठेपर्यंत मांडवाच्या मधोमध खाजवत, गप्पा मारत बसली. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आज आमच्या घरी पाहुणे येताना आजारी माणसाला आतल्या खोलीत न्यायचं कुणी काढलं, की मी त्याची खुर्ची उचलून बाहेर सोप्यात, पाहुण्यांच्या मधोमध आणून मांडते.