जांभळं कडं

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रेक्षकवर्ग मला सातव्या वर्षी मिळाला, आणि तोही मी शुद्धीत नसताना. शाळेच्या प्रार्थनेला उभी होते ती आडवी झाले. हातपाय झाडले, डोळे फिरवले, तोंडाला फेस आणला. म्हणजे असं म्हणतात. एवढा मोठा प्रयोग केला आणि तो मला स्वतःला बघता आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. शुद्धीवर आले तेव्हा कुणाची तरी चप्पल माझ्या नाकाशी होती. पुढे वर्षभरात इतक्या चपला हुंगल्या की नुसत्या वासावरून मालक ओळखून दाखवला असता. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची सगळ्यात उग्र. ती नाकाशी आली की मी शुद्धीवर येण्याची घाई करायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिकला पंचवटीत, गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून, हाकेच्या अंतरावर भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होतो. वडील माझ्याच शाळेत वरच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवायचे. घरात आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि आधी वडिलांना, मग मला तिनं वाढवलं. मला पहिली फिट आली त्या संध्याकाळी तिनं देवापुढे उभं राहून गोड सोडलं. चहातसुद्धा साखर नाही, संक्रांतीला तिळगूळ नाही. पोर बरी होईपर्यंत नाही, एवढंच म्हणाली.

फिट येण्याआधी मला वास यायचा. करपलेल्या दुधाचा. एक क्षणभर, मग काही नाही. माझ्यापुरती ती दारावरची थाप होती: कुणीतरी आलंय, आणि आता ते मला घेऊन जाणार. पंचाईत अशी की खालच्या काकूंचं दूध आठवड्यातून दोनदा तरी खरोखरच करपायचं. त्यामुळे मी कितीदा तरी अभ्यास सोडून जमिनीवर आडवी झाले, डोळे मिटून वाट बघितली, आणि आलं कुणीच नाही. पण ज्या दिवशी काकूंची चूल थंड असायची त्या दिवशी यायचंच.

आमच्याकडे त्याचं नाव घेत नसत. ‘आज आलं होतं’, ‘काल नाही आलं’, असं बोलत. घाटावर जायचं तर आई आपल्या पदराचं टोक माझ्या परकराच्या नाडीला गाठ मारून बांधायची. इतर पोरी पायऱ्यांवरून पाण्यात उड्या टाकायच्या आणि मी दावणीला बांधलेल्या वासरासारखी आईमागे. पूर आला, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, की सगळं नाशिक बघायला जायचं. आई मात्र खिडकी लावून घ्यायची. ते पाणी माझ्यासाठीच वर चढतंय असं तिला वाटत असावं. तिचं बघून मलाही वाटायला लागलं.

गंगापूर रोडकडे एक डॉक्टरीणबाई होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं असं की एक शब्द जास्त गेला तर त्याची पावती फाडावी लागेल. त्यांनी पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी मी वर्गात पेंगायला लागले, पाढे विसरले, पण फिट काही गोळ्यांना जुमानेना. एकदा मी दवाखान्यातल्या बाकावर बसले होते आणि पडद्याआड वडील विचारत होते, “एखादी आली आणि थांबलीच नाही तर?” मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उत्तर काही ऐकू आलं नाही. मी पडद्याच्या रिंगा बघत बसले आणि पहिल्यांदा मला माझी स्वतःची भीती वाटली.

बाईंनी मग एक जुनी पद्धत काढली. गोळ्या निघायच्या आधी म्हणे असंच करत. मुलाला जवळजवळ नुसत्या स्निग्धावर ठेवायचं: लोणी, तूप, साय, खोबरं, जोडीला अंडं आणि कोबीचं एखादं पान. भात नाही, पोळी नाही, साखर-गूळ तर जिभेलासुद्धा नाही. शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की डोक्यातली ती वीज शांत होते. चिमूटभर गोड पोटात गेलं तरी सगळं मुसळ केरात. गोळ्याही चालूच ठेवायच्या.

सुरुवात त्यांच्या दवाखान्यात झाली. मला आधी उपाशी ठेवलं, मग लोण्यावर आणलं. वडील रोज सकाळी माझी लघवी परीक्षानळीत घेऊन त्यात कसली कसली पूड हलवत आणि नळीच्या कडेनं अमोनिया सोडत. अमोनियानं सगळ्यांचे डोळे पाणवत, आणि दोन थर मिळतात तिथे हळूहळू जांभळं कडं उमटायचं. जांभळं म्हणजे पिकल्या जांभळासारखं. ते कडं म्हणजे शरीर चरबीवर चालल्याची खूण. माझ्या लघवीकडे एवढ्या कौतुकानं बघणारी माणसं मी त्यानंतर पाहिली नाहीत. कडं आलं आणि फिट थांबल्या. पुरता एक आठवडा मी कुठेच गेले नाही.

मग आम्ही घरी आलो.

घरात नवी व्यवस्था लागली. वडिलांनी सोनाराकडची तागडी आणली आणि आई माझं लोणी सोन्यासारखं तोलू लागली. अंड्यासाठी गॅलरीत वेगळा स्टोव्ह, वेगळं भांडं, आणि आत्या तिकडे पाठ करून बसलेली. खाण्याचं आईकडे, औषधाचं आत्याकडे. तान्ह्या पोरांना औषध देण्यात तिचा हात कोण धरणार?

आणि कडं फिकं पडलं. आधी जांभळाचं गुलाबी झालं, मग नळीत नुसतं पाणीच. चौथ्या की पाचव्या दिवशी करपलेल्या दुधाचा वास आला आणि काकू तर गावाला गेल्या होत्या.

वडिलांनी नळी उजेडाकडे धरली, खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “हिला कुणीतरी गोड देतंय.”

त्या वाक्यानंतर आमचं घर बदललं. दवाखान्यात कडं येतं आणि घरी येत नाही, म्हणजे चोर घरात किंवा घराच्या आसपास. मला तर मजाच वाटत होती. मी एकाच वेळी मुद्देमाल, साक्षीदार आणि आरोपी होते. पण मोठ्यांचे चेहरे बघितले की मजा विरायची. आरतीनंतर काकू मुलांच्या हातावर साखर ठेवत, म्हणून वडील खाली जाऊन त्यांना विचारून आले. काकू म्हणाल्या, “मास्तर, तुमची पोर काय माझी वैरीण आहे?” त्यानंतर जिन्यात भेटल्या तरी त्या भिंतीकडे बघत. निफाडहून मामा द्राक्षांची टोपली घेऊन आला, त्याला टोपलीसकट दारातून परत पाठवलं. आई शाळेच्या ओट्यावर दिवसभर बसायला लागली. ती ओट्यावर, वडील खिडकीत, आणि मी मध्ये. संध्याकाळी आल्यावर वडील मला तोंड उघडायला लावून वास घेत. एक दिवस त्यांनी आईलाच विचारलं, “तुझ्यानं बघवत नसेल म्हणून तू तर नाही ना काही?” आई लोणी तोलत राहिली. पण त्या दिवसापासून ती मला भरवायला लागली की वडिलांना समोर बसवायची.

मला किती वेळा विचारलं असेल. मी प्रत्येक वेळी आईच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, कुणी काही दिलं नाही. अगदी खरं सांगितलं.

आत्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येणार नव्हतं. जिनं माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा धरला तिच्यावर कोण घेणार?

फिट आता लांबायला लागल्या होत्या. एकदा शुद्धीवर आले तर बाहेरचा उजेड बदलून गेला होता. बाईंनी सगळ्यांना बोलावलं. वडील, आई, आत्या ओळीनं खुर्च्यांवर, मी टेबलापाशी. बाई म्हणाल्या, आहार बंद करू, गोळ्या दुप्पट करू, वर आणखी एक देऊ. ही दिवसभर झोपेल. शाळेचं आता मनात आणू नका. वडिलांनी मान हलवली. आईचा हात आपसूक पदराच्या टोकाकडे गेला.

गोळीची वेळ झालीच होती. बाईंनी गोळी मोडून अर्धी माझ्यापुढे धरली. मी शहाण्या मुलीसारखी जीभ बाहेर काढली आणि तशीच उभी राहिले.

“घे की,” बाई म्हणाल्या.

“बोट कुठंय?”

“कसलं बोट?”

“मधाचं.”

मला आठवतं, बाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम लहान दिसत. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. आत्याच मोकळ्या मनानं सांगायला लागली: गोळी कडू, पोर थुंकते, म्हणून सहाणेवर उगाळून मधात खलून बोटानं चाटवते. मध चांगला, सुरगाण्याच्या डोंगरातला, माहितीतला माणूस बाटली आणून देतो. मग तिनं सगळ्यांचे चेहरे बघितले आणि तिचा आवाज खाली आला. “औषधाचा मध तो. तो काय खाण्यात धरायचा?”

कुणीच धरला नव्हता. आईनं नाही, वडिलांनी नाही, मी नाही. वडील रोज माझ्या तोंडाचा वास घ्यायचे तेव्हा त्यांना मधाचा वास आलेला असणारच. पण तो त्यांच्या लेखी औषधाचा वास होता. त्यांनाही लहानपणी याच बोटानं चाटवलं होतं. आणि मध तेवढा पोटात जाई, अर्धी गोळी सहाणेच्या दगडात मुरून राही. त्या दगडाला मात्र कधी फिट आली नसणार.

परतताना टांग्यात आत्या मागे तोंड करून बसली होती. घरी आल्यावर तिनं सहाण घासली, उन्हात पालथी घातली आणि आईला म्हणाली की आता औषधही तूच बघ. आई पदर खोचता खोचता थांबली. “नाही, वन्सं,” ती म्हणाली, “गोळी तुम्हीच द्यायची.”

आत्या मग गोळी लोण्याच्या गोळीत घालून द्यायला लागली. दिली की माझ्या तोंडाकडे बघत बसायची, आत काय चाललंय ते बाहेरून दिसणार असल्यासारखी. कडं परत यायला वेळ लागला. आधी गुलाबी, मग जांभळं. फिट आली नाही, तरी ‘थांबली’ हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. वडील नळी धुऊन ठेवत आणि कॅलेंडरकडे बघायचं टाळत. आई गाठ मारत राहिली.

आहार सुटला तेव्हा ऐंशी साल उलटलं होतं. बाई म्हणाल्या, हळूहळू द्या, पहिल्यांदा चिमूटभर. मग एका रविवारी दुपारी मला मधोमध पाटावर बसवलं. खालच्या काकूसुद्धा आल्या, इतक्या दिवसांनी, आणि दाराशी उभ्या राहिल्या. पायात चप्पल तशीच. वडिलांनी पेढ्याचा कण माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. सगळे माझ्या डोळ्यांकडे बघत होते.

खरं सांगते, असे प्रेक्षक पुन्हा मिळाले नाहीत. एकदा फक्त बुबुळं वर फिरवावीत, मान जराशी टाकावी, असं मला फार फार वाटलं. मग आत्या दिसली. ती भिंतीला टेकून उभी होती, उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून, त्या बोटासकट. मी डोळे जागेवर ठेवले.

आणि वास आला. करपलेल्या दुधाचा.

मी पाटाची कड धरली. पदराची गाठ नव्हती त्या दिवशी, मला पाट केवढा तरी उंच वाटला. काकू एकदम वळल्या आणि “माझं दूध” म्हणत जिना उतरून धावल्या. खालून पातेलं आपटल्याचा आवाज आला. आई रडायला लागली, वडील हसायला लागले, आणि कुणाला वाटलं नव्हतं तेवढा वेळ दोघंही थांबेनात.

आत्यानं दुसऱ्या दिवशीही चहा बिनसाखरेचाच घेतला, आणि पुढेही. पोर बरी झाली असं म्हणायचं धाडस तिला शेवटपर्यंत झालं नाही. मलाही अजून होत नाही. आजही स्वयंपाकघरात दूध लागल्याचा वास आला की मी आधी खाली बसते, हात जमिनीला टेकते, आणि मग उठून गॅस बंद करते.