हारून मिस्त्रीची ऐकायची काठी

महाडात गाडी बिघडली की माणूस आधी देवाला आठवायचा आणि मग हारून मिस्त्रीला. देवापुढे निदान बोलता तरी यायचं. मिस्त्रीपुढे तोंड उघडायची सोय नव्हती.

हायवेवरून गावात वळताना त्याची पत्र्याची शेड. गाडी चालू करून द्यायची आणि खांबाला टेकून गप्प उभं राहायचं. मिस्त्री दीड हाताची सागाची काठी घ्यायचा, एक टोक इंजिनावर टेकवायचा, दुसरं कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. त्या वेळी कुणी खोकलं तर गाडी परत. कचेरीतल्या एका साहेबाला नेमकी शिंक आली, तर त्याची जीप तीन दिवस उन्हात उभी होती. मग डोळे उघडून निकाल लागायचा. "दोन नंबरचं नोझल मुततंय. टॅपेट सैल हाय. आणि तू घाट न्यूट्रलवर उतरतोस, ते सोड." यातली तिसरी गोष्ट लोकांना जास्त घाबरवायची. पाचाडच्या एका खानावळवाल्याला तर त्याने नुसती काठी लावून सांगितलं होतं की तू डिझेलमध्ये रॉकेल घालतोस. तेही बायकोसमोर.

ही सगळी कीर्ती अठ्ठ्याण्णव सालापर्यंत खरी होती. पुढची दोन वर्षं मिस्त्री निव्वळ नाटक करत होता.

तीस वर्षं डिझेलच्या इंजिनाशी कान लावून बसल्यावर दुसरं काय होणार? आधी डावा कान गेला. तेव्हा त्याने काठी उजव्या कानाला लावली आणि कुणाला कळू दिलं नाही. मग उजवाही गेला. तरी काठी लावायची, डोळे मिटायचे, सगळं जसंच्या तसं. निदान मात्र धुराच्या रंगावरून, पत्र्यावर ठेवलेल्या हातावरून, आणि अगदीच अडलं तर गाडीवाल्याच्या तोंडावरून. "तूच सांग, आवाज कसा येतोय? बघू तुला तुझी गाडी कळते काय." मग भलेभले लोक शेडमध्ये उभे राहून टकटक, खुळखुळ असे आवाज काढायचे आणि मिस्त्री त्यांच्या ओठांकडे बघून निकाल द्यायचा. आपली परीक्षा चाललीय असं वाटून लोक तर जास्तच मन लावून आवाज काढायचे.

हे गुपित फक्त त्याच्या बायकोला, रुकय्याला ठाऊक होतं. तिकडे पोलादपूरला प्रवीण नावाच्या पोराने फरशी घातलेलं गॅरेज काढलं होतं, भिंतीवर कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं. महाडचा मिस्त्री बहिरा झाला एवढं एक वाक्य बाहेर पडलं असतं, तर गाड्या शेडसमोरून हॉर्न न वाजवता सरळ पोलादपूरला गेल्या असत्या. हॉर्न वाजवला असता तरी काय उपयोग होता म्हणा.

दोन हजार सालच्या मे महिन्यात वरंधचे रावजी आपली पांढरी डिझेल मोटार घेऊन आले. भातशेतीवाला खाऊनपिऊन सुखी माणूस. मोटार मुंबईहून जुनी आणलेली, पण मान मोठा. वरंधची कुठलीही पोर सासरी जायची ती ह्याच मोटारीतून. शेजारी रावजींची बायको बयाबाई बसलेली. गाडी जागच्या जागी उभी होती आणि आत बयाबाई चाळणीतल्या तांदळासारखी हलत होती.

"हारूनभाय," रावजी खाली उतरून म्हणाले, "पोलादपूरचा प्रवीण बोलतो बेरिंग गेलं. इंजिन उतरवाय लागंल. पंधरा दिवस."

"आणि लगीन आईतवारी हाय," बयाबाई आतून म्हणाली. "आमच्या अक्षदाचं. नवरा भोरचा. सगळ्या गावच्या पोरी ह्या गाडीतून गेल्या, माझी पोर काय टेम्पोत बसून घाट चढायची?"

मिस्त्रीने काठी घेतली, इंजिनावर टेकवली, उजव्या कानाशी धरली. काही नाही. डाव्या कानाशी धरली, तिथे तर त्याच्याही आधीच दुकान बंद झालं होतं. मग नेहमीचा डाव टाकला. "रावजीशेट, तुमीच सांगा, आवाज कसा येतोय?"

रावजींनी आवाज काढला. पण रावजींच्या मिशा अशा, की खालचा ओठसुद्धा सणासुदीलाच दिसायचा. मिस्त्रीला नुसत्या मिशा हलताना दिसल्या.

"असा नाय काय," बयाबाई म्हणाली. "धाडधाड येतो." तिने तोंड चांगलं मोठं उघडून करून दाखवलं. रावजींनी मान हलवली आणि मिशीतून पुन्हा काहीतरी वेगळंच वाजवलं. नवराबायकोचं एकमत होईना.

"गाडी ठेवून जावा," मिस्त्री म्हणाला. "उद्या या."

असं तो कधीच म्हणायचा नाही. रावजी एसटीने घरी गेले, पण वाटेत दोनदा म्हणाले, "काय खरं दिसत नाय गो."

मिस्त्री दुपारी जेवायला घरी आला तो तोंड पाडूनच. रुकय्याने भात, कालवण वाढलं, तांदळाचा पापड दिला आणि बोलत राहिली. तो खाली मान घालून जेवत होता, त्यामुळे तिचं एक अक्षर त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याने पापड मोडून तोंडात टाकला, आणि डोक्यात चक्क दगडाची खाण फुटली. तो थांबला. पुन्हा चावला. पुन्हा तसंच. त्याने रुकय्याकडे पाहिलं.

"ह्याचा आवाज येतोय," तो म्हणाला.

"पापडाचा येतो आणि माझा नाय," रुकय्या म्हणाली. हे मात्र त्याला ओठांवरून नीट कळलं.

हातही न धुता तो शेडकडे गेला. गाडी चालू केली, काठीचं एक टोक इंजिनावर ठेवलं आणि दुसरं दातांत धरून घट्ट चावलं. काठीला वीस वर्षांचं ग्रीस होतं. चव सांगण्यासारखी नव्हती. पण इंजिन सगळंच्या सगळं कवटीत येऊन बसलं. पंपाची भुणभुण, टॅपेटची चिवचिव, सगळी जुनी मंडळी एकदम भेटायला आली. मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते ग्रीसमुळे, असं तो आजही सांगतो.

आता त्याला आवाज दोन लागले. वर एक कडक ठोका, तीन नंबरच्या सिलिंडरशी, आणि खाली एक बोदा धप्पा. म्हणजे नवराबायको दोघंही खरं बोलत होते, एकाने वरचा वाजवला होता, दुसरीने खालचा. त्याने तीन नंबरच्या डिझेलच्या पाइपचा नट सैल करून त्याचं डिझेल तोडलं. ठोका गेला. पण बेरिंग गेलेलं असलं तरी असाच जातो, त्यामुळे प्रवीण इथेच फसला होता. मिस्त्रीने पाइप पुन्हा आवळला, एक आणि तीन नंबरची डिझेल फवारणारी नोझलं काढून एकमेकांच्या जागी बसवली आणि पुन्हा काठी चावली. ठोका एक नंबरला जाऊन बसला होता. बेरिंग काही असं ह्या घरातून त्या घरात राहायला जात नाही. दोष नोझलचा होता.

मग त्याने काठी खाली, इंजिन चेसीवर टेकतं त्या रबराशी लावली आणि धप्पा तिथे सापडला. वाकून पाहिलं तर रबर नव्हतंच. रबराच्या जागी तीन घड्या घालून निळ्या पट्ट्याची बायकी चप्पल कोंबली होती.

दुसऱ्या दिवशी रावजी आणि बयाबाई आले, तेव्हा मिस्त्रीने चप्पल बॉनेटवर ठेवली होती.

बयाबाईने ती उचलली, फिरवून पाहिली. "ही माझी चप्पल."

रावजींनी समोरच्या नारळाच्या झाडावर नारळ किती आहेत ते बघायला सुरुवात केली.

"गेल्या गणपतीत हरवली," बयाबाई म्हणाली. "मी शेजारच्या चंपाबाईवर आळ घेतला. आठ म्हयने मी तिच्याशी बोलत नाय. लग्नाचं आवतान दिलं नाय तिला. अवो, नारळ नका मोजू."

"घाटात रबर तुटलं होतं," रावजी मिशीतून म्हणाले. "गाडीत तुझी चप्पल होती."

"आणि दुसरी?"

"एकटी काय कामाची? दिली टाकून."

मिस्त्रीला यातलं निम्मंच समजलं, पण रावजी कसे उभे आहेत त्यावरून बाकीचं कळलं. नवं रबर आणि दुरुस्त केलेलं नोझल बसवून झालं होतं. शेवटचं बघायचं म्हणून त्याने सवयीने काठी दातांत धरली, आणि चूक झाली ती तिथे.

रावजी काठीकडे बघत राहिले. मिस्त्रीच्या ओठांना काळं लागलेलं. रावजी त्याच्या समोर आले आणि मिशा दोन्ही हातांनी वर धरून म्हणाले, "हारूनभाय, माझी पोर बसणार हाय ह्या गाडीत. वरंधचा घाट हाय. खरं सांग. तुला ऐकू येतं काय?"

मिस्त्रीने काठी तोंडातून काढली, फडक्याने पुसली. हे एक वाक्य दोन वर्षं त्याने पत्र्याखाली दाबून ठेवलं होतं.

"कानांनी नाय येत," तो म्हणाला. "दातांनी येतं."

इंजिन चालूच होतं. रावजींनी मिशा खाली सोडल्या. बयाबाई मात्र गाडीत जाऊन बसली, मांडीवर हात ठेवून आपण हलतोय की नाही ते पाहिलं. हलत नव्हती.

"मग आईतवारी तू पुढं बसायचं," ती खिडकीतून एकेक शब्द मोठा करून म्हणाली. "काठी घेऊन. वाजलं काय तर तिथंच सांगायचं."

त्यामुळे अक्षदाच्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या पुढच्या सीटवर एक दाढीवाला माणूस काठी चावत बसलेला दिसतो. भोरकडच्या मंडळींना ती कोकणातली रीत वाटली आणि त्यांनी त्यालाही टोपी-उपरणं दिलं. मागे अक्षदा, बयाबाई आणि ऐन वेळी हातापाया पडून आणलेली चंपाबाई. चंपाबाईच्या पायात बयाबाईने घेऊन दिलेल्या नव्या चपला होत्या आणि त्या सगळ्यांना दिसाव्यात म्हणून ती पाय पुढे करून बसली होती. घाटाचं शेवटचं वळण संपलं तेव्हा रावजींनी गाडी थांबवून मिस्त्रीकडे पाहिलं.

"ठोका नाय. तीन नंबर झोपेत चालतोय," मिस्त्री म्हणाला. "चला पुढं."

सोमवारी सकाळी सगळ्या महाडाला कळलं की मिस्त्री बहिरा आहे. दुपारपर्यंत शेडसमोर सात गाड्या लागल्या, त्यातल्या चार नुसत्या तो चावतो कसा ते बघायला आलेल्या. प्रवीणनेही सुताराकडून एक काठी करून घेतली, असं पोलादपूरचे लोक सांगतात. तो म्हणे टोकाला स्वच्छ रुमाल गुंडाळतो. चवीशिवाय कसं कळणार ते त्यालाच ठाऊक.

त्या आठवड्यात रुकय्याने काठी शिकेकाईने घासून उन्हात वाळवली. दुपारी जेवण झाल्यावर तिने एक टोक मिस्त्रीच्या दातांत दिलं आणि दुसरं आपल्या गळ्याशी टेकवलं. बाहेर कुणीतरी गाडी घेऊन हाक मारत होतं. तिने खिडकीतून त्याला गप्प उभं राहायची खूण केली.

"न्हाणीचा नळ दोन वर्षं गळतोय," ती म्हणाली.

मिस्त्री डोळे मिटून होता. त्याने काठी तोंडातून काढली.

"परत बोल."

"न्हाणीचा नळ गळतोय."

"नळाचं कळलं," तो म्हणाला. "आवाजासाठी परत बोल म्हणतोय." आणि काठी पुन्हा दातांत धरली.