टाकी किती डोलते

पीएचडीसाठी मी पाण्याच्या टाक्या निवडल्या तेव्हा नांदेडच्या आमच्या कॉलेजात माझं थोडं हसं झालं. बरोबरीचे लोक पूल आणि उंच इमारती घेऊन बसले होते, आणि मी गावोगावच्या, खांबांवर उभ्या टाक्यांखाली लॅपटॉप मांडून बसणार होते. विषय तसा सोपा होता. उंच बांधकाम वाऱ्यानं डोलतं. डोळ्यांना दिसत नाही इतकं, पण डोलतं. त्याच्या एका झोक्याला किती वेळ लागतो ते मोजायचं, संगणकावर त्याच टाकीचं मॉडेल बांधून तिथला झोका काढायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. खांब आतून कमजोर झाले असतील तर खरी टाकी हिशेबापेक्षा सावकाश डोलते. मोबाइलमध्ये असते तसली चिप वापरून मी काडेपेटीएवढे सेन्सर स्वतः जोडले होते. त्यांचा मला भारी अभिमान होता.

पहिली टाकी कंधार तालुक्यातल्या एका गावातली निघाली, कारण तिचे जुने नकाशे मिळाले. तिथं पाणी सोडणारे मामा होते. वय पन्नाशीच्या पुढं, हातात व्हॉल्व्हची लांब चावी, बोलणं मोजकं.

"मामा, मोजायच्या वेळी टाकी पूर्ण भरलेली पाहिजे," मी म्हटलं.

"भरलीच हाय की, मॅडम."

मी शिडीनं चढून टाकीभोवतीच्या कठड्याशी सेन्सर बसवले. वरच्या झाकणाला कुलूप होतं. किल्ली ग्रामपंचायतीत आहे म्हणाले, आणि मलाही त्याहून वर चढायची हौस नव्हती.

आकडे आले ते चमत्कारिक. टाकी हिशेबापेक्षा सावकाश डोलेल ही भीती होती. ही तर चांगलीच जलद डोलत होती. मी सेन्सर बदलून पुन्हा मोजलं. तेच. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमच्या मॉडेलमध्येच चूक असणार." मी मॉडेल तीनदा नव्यानं बांधलं. काँक्रीट नकाशात होतं त्याच्या दुप्पट मजबूत धरलं तरच आकडे जुळत होते, आणि असं काँक्रीट त्या काळी त्या गावात कुणी ओतलं असेल यावर माझाच विश्वास बसेना.

त्या शनिवारी मी लातूरला माहेरी गेले. वडिलांची, म्हणजे अप्पांची, डाळ मिल आहे. तिथल्या पोत्यावर बसून मी लॅपटॉप उघडला. शेजारी डाळीची चाळणी थडथडत होती. अप्पा फोनवर कुणाशी तरी बोलत होते, ते मधेच थांबले आणि गड्याला ओरडून म्हणाले, "अरे, माल संपला बघ, टाक!"

चाळणीकडे त्यांची पाठ होती.

"अप्पा, न बघता कसं कळलं?"

"आवाजावरून. माल असला की ती जडावती. रिकामी झाली की कशी टणाटण नाचायली बघ."

मी चाळणीकडं बघतच राहिले. रिकामी म्हणजे हलकी आणि हलकी म्हणजे जलद. मॉडेलमध्ये खांबांना हात न लावता मी फक्त पाणी निम्मं केलं. आकडे असे जुळले की मी पोत्यावरून उठून ओरडलेच. अप्पांना काहीच कळलं नाही, तरी त्यांनी गड्याला चहा आणायला पाठवलं.

सोमवारी मी पुन्हा गावात. मामा टाकीखालीच भेटले.

"मामा, खरं सांगा. टाकी निम्मीच भरता ना?"

ते दचकले. वर बघितलं, मग माझ्याकडं. "कुणी सांगितलं?"

"टाकीनंच सांगितलं."

मामा खांबाला टेकून खाली बसले. दोन वर्षांपूर्वी वादळी वाऱ्यात ते पाणी बघायला वर चढले होते. टाकी काठोकाठ भरलेली, आणि पायाखाली ती हलत असल्याचं त्यांना स्पष्ट जाणवलं. "लई भ्यालो वो मॅडम. खाली अंगणवाडी हाय, लेकरं असत्यात. तवापासून निम्म्याच्या वर एक थेंब भरला न्हाई. कुणाला सांगितलं असतं तर म्हातारा येडा झाला म्हणले असते. वरच्या गल्लीला पाणी चढंना, रोज शिव्या खातो. पंप खराब हाय म्हणून सांगतो."

 लेकरांसाठी हा माणूस दोन वर्षं एकटाच शिव्या खात होता.

"मामा, ज्वारीचं ताट वाऱ्यात हलतं, म्हणून मोडतं का? उंच टाकी हलणारच. किती हलते ते मोजू, मग ठरवू."

पुढच्या आठवड्यात सरांना घेऊन गेले. आम्ही एकेक खांब यंत्रानं तपासला. एका ठिकाणी गिलावा फुगला होता. आतलं काँक्रीट आणि लोखंड ठणठणीत. मग अंगणवाडीला सुट्टी देऊन सकाळपासून टाकी टप्प्याटप्प्यानं भरायला घेतली. हातभर पाणी चढलं की पंप बंद, मोजणी, मग पुन्हा पंप. मामा माझ्या खांद्यावरून स्क्रीनवरची रेघ बघत होते. खरं सांगायचं तर शेवटच्या हातभर पाण्याला मीही दोनदा मान वर करून टाकीकडं बघितलं. टाकी भरली, आणि मापं मॉडेलवर अगदी बरोबर बसली. खांब मजबूत होते.

"हलायली का?" मामांनी विचारलं.

"हाव. जेवढी हलायला पाहिजे तेवढीच."

मामांनी चावी घेऊन वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह स्वतः उघडला. थोड्या वेळानं तिकडून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही धावत गेलो, तर एका घरातली नळाची तोटी पाण्याच्या जोरानं उडाली होती, आणि घरची बाई भिजलेल्या लुगड्यानं फवाऱ्यासमोर उभी राहून खदखदा हसत होती. मामांना बघून म्हणाली, "लई दिवसांनी तुमचा पंप दुरुस्त झाला की वो!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी उडालेली तोटी शोधायला वाकले.  सरांनी उगाच नळाकडं बघत मान हलवली.

त्या बाईनं आम्हाला धपाटे आणि दही खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. नांदेडची गाडी चुकली, पुढची मिळाली. निम्म्या टाकीपासून भरलेल्या टाकीपर्यंतची इतकी सलग मापं माझ्या आधी आमच्या विभागात कुणी घेतली नव्हती. प्रबंधातलं तेच प्रकरण परीक्षकांना सगळ्यात आवडलं. एवढी मापं घ्यायची कल्पना कशी सुचली, असं त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, फक्त पंपाचा विषय गाळला.