चुलीची ओटी

घणसोलीच्या त्या इमारतीत लिफ्ट धडधाकट असताना जिने चढणारी बाई एकच, बाळाबाई. पदर कंबरेला खोचलेला, पाठीवर नातीची कॉलेजची सॅक, सॅकमध्ये तांदळाची पिशवी आणि दोन नारळ. वर जायचं, गच्चीच्या दाराला हात लावायचा की परत खाली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वॉचमन घाबरून धावत आला होता. आता खुर्चीतूनच विचारतो, "काय आजी, पोचलात का डोंगरावर?"

"अजून पायथ्यालाच हाय बाबा," बाळाबाई धापा टाकत सांगते आणि पुन्हा पायरीवर पाय ठेवते.

दिवाळीनंतर तिला चालायला जायचं होतं. सहल नव्हे, देवदर्शन नव्हे. कोयनेच्या खोऱ्यातल्या वरच्या वाडीत तिचं माहेर होतं आणि लग्न होऊन ती खाली पाटणच्या अंगाला आली ती पायी. तेव्हा गाडीरस्ता नव्हता. वरात म्हणजे काय, तर पुढं एक हलगीवाला, मागं नवरा-नवरी, आणि मधेच एखादा वऱ्हाडी ओरडायचा, "साप हाय, थांबा!" वाटेत रात्री काढायच्या त्या गवळ्यांच्या छपरात. रानात एकटं दुकटं उभं असलेलं कारवीच्या कुडाचं घर, अर्ध्यात माणसं, अर्ध्यात म्हशी.

त्या वाटेची एक रीत होती. नवरी ज्या छपरात झोपेल, तिथली बाई सकाळी तिची ओटी भरायची. आणि पहिल्या माहेरपणाला नवरीनं त्याच वाटेनं, पायी, परत जायचं आणि त्या बाईची ओटी भरायची. तोवर ती वाट पुरी झाली असं कुणी मानत नसे.

बाळाबाईची वाट पुरी झालीच नाही. त्याच वर्षी माहेरची वाडी डोंगरावरून उठली आणि रस्त्याकडेला येऊन बसली. माहेरपण लाल गाडीतून झालं. पुढं तिचा नवरा ज्ञानू वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी लागला आणि तिला इकडं घेऊन आला. पोरं झाली, नातवंडं झाली. पण थंडी पडली, खाडीवरून वारा आला आणि कुणी कुठं पालापाचोळा पेटवला, की बाळाबाईच्या नाकात शेवंताबाईचं छप्पर शिरायचं.

शेवंताबाई म्हणजे पहिल्या मुक्कामाची बाई. कडेवर पोर, कपाळावर गोंदण. भेदरलेल्या नवरीला तिनं बायकांच्या घोळक्यातून ओढून चुलीशेजारी आपल्या घोंगडीत घेतलं होतं. सकाळी घरात तांदळाचा दाणा नव्हता, तर ओटीत ओंजळभर नाचणी घातली आणि म्हणाली, "परत येशील तवा पायी ये. गाडीतनं आलीस तर वळख द्यायची न्हाई मी."

"एवढं कशाला ध्यानात ठेवायचं?" ज्ञानू म्हणायचा. पण नात राजनंदिनी शनिवार-रविवार किल्ले चढायला जायची. तिनं हे ऐकलं आणि उडीच मारली.

"आजी, हा तर मस्त ट्रेक आहे! मी प्लॅन करते. टेन्शन नको घेऊ."

मग काय, घराचा तळ झाला. दिवाणावर झोपायच्या पिशव्या, टॉर्च, गोळ्या. वनखात्याची परवानगी कशी काढायची त्याची फोनाफोनी. राजनंदिनीनं मोबाइलवर नकाशा उघडला आणि बोटांनी डोंगर मोठा केला.

"हे बघ, इथून चढ, मग हे पठार, मग..."

"झरा कुटं हाय?"

"झरा नाही दाखवत गं."

"मग कसला नकाशा! मानसानं पानी प्यायाचं कुटं?"

"बाटली नेऊ ना. आणि हे नारळ बाहेर काढ आधी. वजन बघ!"

"नारळाबिगर ओटी व्हती का गं, शानी?"

"खोबऱ्याची वाटी चालेल."

"तुज्या लग्नात आमी बी वाटीच घालू. चालंल?"

ज्ञानू खुर्चीत गुडघ्याला तेल चोळत होता. पोत्यांनी दोन्ही गुडघे खाल्लेले. "मी बी येतो की," तो म्हणाला. "मला पाठीवर घे. जन्मभर मी वाहिलं, आता तू वाहा."

"तुमाला? तुमाला वाटंत उतरवून ठेवीन, म्हशीपाशी."

हसता हसता ज्ञानूचा तेलाचा हात थांबला. "त्या रानातनं तू माज्या मागं चालत आलीस," तो हळूच म्हणाला. "एकदा बी मागं वळून बगितलं न्हाई मी. लाज वाटत व्हती." बाळाबाईनं उगाच झोपायची पिशवी उलगडली आणि परत गुंडाळली.

डोंगराच्या पायथ्याशी उदयसिंह नावाचा एक जीपवाला होता. राजनंदिनीनं त्याला फोन लावला, छपरांत कोण राहतं ते वर विचारून सांगा म्हणाली. बाजाराच्या दिवशी दूधवाले खाली उतरायचे, तेव्हाच निरोप वर जायचा. ते दिवस बाळाबाईनं जिन्यावर काढले.

शेवटी फोन आला. "खालचं छप्पर हाय, मानसं बी हायत. वरचं हाय, पन बंद. शेवंतामावशी आता पोराकडं असत्यात. पोरगं जासईला कंटेनर यार्डात हाय. राहायला उलव्याला."

राजनंदिनीनं फोन ठेवला. "आजी! उलवे! बसनं जाऊ आपण!" तिला वाटलं, आजी खूश होईल.

बाळाबाई खाली बसली. ज्या बाईसाठी डोंगर चढायचा, ती खाडीच्या पल्याड, बसच्या तिकिटाच्या अंतरावर. कधीपासून? मार्केटच्या बसथांब्यावर तिच्या शेजारीही उभी राहिली असेल.

"बसनं गेलं तर..." ती पुटपुटली.

गेल्या मात्र. उलव्यात अलीकडच्या थांब्यावर बाळाबाई हट्टानं उतरली आणि उरलेला रस्ता उन्हातून चालली. इमारतीत राजनंदिनीनं लिफ्टचं बटण दाबलं तर आजी जिन्यात.

"आजी, नववा मजला आहे!"

"तिनं पायी ये म्हनलंय."

दार उघडंच होतं. कपाळावरचं गोंदण सुरकुत्यांत विखुरलं होतं, पण बाळाबाईला ते लगेच सापडलं. म्हातारी बाल्कनीजवळ बसली होती. समोर विमानतळासाठी कापून काढलेला डोंगर. तिनं आधी पाहुणीच्या पायांकडं बघितलं, मग घामाकडं.

"कोन गं?"

"वरच्या वाडीची. वरातीत आलेली. तुमी नाचनी घातली व्हती वटीत."

शेवंताबाईचा जबडा हलला. "घोंगडी वलीचिंब केलीस रडून. ती तू?" आणि मग, "कशानं आलीस?"

"थोडं पायी."

"मंजी गाडीत बी बसलीस."

दोघी अशा हसल्या की आतून सून बघायला आली. बाळाबाईनं पिशवीतून आंबेमोहोर काढला, खण काढला, नारळ काढला. ओंजळ भरली. शेवंताबाईनं पदर पुढं केला नाही.

"धनी कवाच गेलं माजं. माजी वटी कशी भरशील?"

ओंजळ तशीच राहिली.

"ही वटी कुकवाची न्हाई," बाळाबाई म्हणाली. "त्या राती तुमी चुलीम्होरं जागा दिली, त्या चुलीची हाय."

"मग चूल तितं हाय," शेवंताबाईनं बोट बाल्कनीबाहेर केलं, कापलेल्या डोंगराच्याही पलीकडं. "हितं गॅस हाय. तितं नेऊन घाल. दाराला कुलूप न्हाई, कडी हाय. आत गेलीस की जाळ घाल. छपरातनं धूर निघाला की पल्याडच्या वाडीला कळतं, घर जागं हाय. लई दिस झालं, कुनी धूर बगितला नसंल." तिनं पावलं पुढं केली. "मी आले असते गं. हे पाय बग."

बाळाबाईनं तांदूळ एक दाणाही न सांडता परत पिशवीत ओतले. निघताना शेवंताबाईनं तिचा हात धरून ठेवला. "आन् झरा छपराच्या मागं हाय. डाव्या अंगाला."

"बगितलंस?" बाळाबाई नातीकडं वळली. "नकाशात घाल."

बाहेर राजनंदिनीनं लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं. बाळाबाई पिशवी काखेत घट्ट धरून जिन्याकडं वळली होती.

"आजी, आता तरी! भेट झाली ना!"

"चढाय येतं गं मला," खालून आवाज आला, पायरी पायरीनं लांब जात. "उताराची सवय व्हायाची हाय अजून."