मोरीजवळचं रोप

पिंपळाला मी भेंड म्हणालो होतो. चुकून नाही, पक्कं माहीत असून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापुढे तर मी न केलेल्या गोष्टीसुद्धा कबूल करत असतो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत आणि नांदेडहून बदलून आलेल्या आमच्यासारख्या कारकुनांचे संसार मिळतील त्या खोल्यांत. वडील कचेरीत होते. मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि एका सरकारी रोपवाटिकेत नुकताच चिकटलो होतो. त्या साली पाऊस गेला तो गेलाच. नळाला पाणी कधी येणार हे नळालाच ठाऊक. टँकरचा हॉर्न वाजला की गल्लीतलं सगळं भांडंकुंडं, अगदी कुकरसुद्धा, रांगेत जाऊन बसायचं.

गंमत अशी, की माणसं पाण्यासाठी हैराण असताना अंगणात मात्र न लावलेली झाडं येत होती. जिथं मोरीचं पाणी बाहेर पडे तिथं काहीतरी हिरवं डोकं वर काढी आणि बघता बघता कमरेला लागे. गल्लीत झाडाच्या खात्यातला माणूस आहे म्हटल्यावर जो तो पान घेऊन माझ्याकडे.

"हे लिंबच हाय ना?"

"नाही. बकाण लिंब. लिंबाच्या काडीला सरळ पानं असतात, ह्याच्या काडीला आणखी काड्या फुटल्यात बघा."

एका मास्तरांनी चिंच म्हणून आळं करून जोपासलेलं रोप सुबाभूळ निघालं. "मग चिंचा कधी लागतील?" त्यांनी विचारलं. "चिंच लावाल तेव्हा," मी म्हणालो. मास्तर पुष्कळ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण मला हे सगळं फार आवडायचं. पगार यथातथाच होता, गल्लीत शब्दाला मात्र किंमत होती.

शेजारच्या खोलीत दवाखान्यातल्या एक सिस्टर राहत. त्याही नांदेडच्याच. मी त्यांना काकू म्हणायचो. खोलीत बुद्धाची तसबीर, पुढ्यात उदबत्ती, आणि ड्यूटीवरून कितीही दमून आल्या तरी दारात थट्टा तयार. त्यांची मोरी आणि आमची मोरी एकाच भिंतीला. दोन्हीचं पाणी जिथं मिळे तिथं, भिंतीच्या बुडाशी, एक रोप आलं. पान बदामी, देठ लांब, वारा नसतानाही हलणारं.

आईनं ते आधी पाहिलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "पिंपळ आल्यासारखा वाटतोय भिंतीला. दारात पिंपळ म्हंजे मुंजा आलाच. आन् रविवारी मुदखेडचे पाव्हणे तुला बघाया येऊन राहिलेत."

"मग उपटून टाक."

"पिंपळाला हात लावत न्हाईत, येड्या."

"मग?"

"मग काय? तू शिकलेला हायस. तूच सांग पिंपळ हाय का न्हाई ते." एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी काकूंनी हाक मारली. "या डॉक्टर, आमचा पेशंट तपासा."

त्यांनी रोपाभोवती विटांचे तुकडे रचले होते. हातात तांदळाच्या धुवणाचा तांब्या. म्हणाल्या, "मला तर पिंपळच वाटतोय. पिंपळ असला तर माझ्या प्यायच्या पाण्यातलं घालीन बघ. बोधीवृक्ष आपल्या पायानं दारात आला म्हणायचं. आन् दुसरं काही असलं तर आत्ताच सांग बाबा. टँकरचं पाणी उधळायला मी काय पाटलीण हाय?"

मी खाली बसलो. एक पान खुडलं. देठातून पांढराशुभ्र चीक आला आणि बोटांना चिकटला. भेंडाच्या, म्हणजे पारसपिंपळाच्या, पानातून असा चीक येत नाही. आता तपासायचं काही राहिलंच नव्हतं. मी हात खिशात घातला.

"भेंड आहे काकू. पारसपिंपळ. दिसायला पिंपळासारखाच, पण पिंपळ नव्हे."

"कशावरून?"

"पिंपळाच्या पानाला लांब शेपूट असतं. हे बघा, केवढंसं आखूड."

कोवळ्या पिंपळालाही शेपूट आखूडच असतं, हे मी सांगितलं नाही. काकूंनी पान उलटसुलट करून पाहिलं, परीक्षेला बसल्यासारखं. "हां, आखूड हाय खरं," म्हणाल्या. मग वाकून त्यांनी ते रोप स्वतःच्या हातानं उपटलं. मुळांनी विटेचा एक तुकडा घट्ट धरलेला होता. तो सोडवून त्यांनी बाजूला ठेवला, आणि तांब्या घेऊन आमच्या अंगणात आल्या. "वहिनी, माझं पाणी वाचलं. तुमच्या तुळशीला घालते."

"ठेवा तिथं," आई म्हणाली. "मी घालते."

काकूंनी तांब्या खाली ठेवला.

मुंजाची भीती आईला खरोखर होती. पण नुसती मुंजाची नव्हती. एकाच भिंतीला तोच पिंपळ आमच्या बाजूनं मुंजा होता आणि त्यांच्या बाजूनं बोधीवृक्ष. तो वाढला असता तर गल्लीनं त्या दाराकडे मान वर करून पाहिलं असतं. हे आमच्या घरात कुणी बोललं नाही. मीही नाही. मी फक्त झाडाचं नाव बदललं.

रविवारी मुदखेडचे पाहुणे आले. पोहे खाल्ले, अंगणातली पिंपं पाहिली, रांगेतला कुकर पाहिला. निरोप आला तो असा : "पोरगा चांगला हाय, पण लातुरात पोरगी दिली तर ती जन्मभर घागरीच भरत बसंल." मुंजाचा काहीएक संबंध नव्हता.

पुढे काकूंची बदली झाली, आमचंही बस्तान अहमदपूरला हललं. मध्ये वर्षं गेली. अलीकडे नांदेडला एका लग्नात पंगतीत शेजारी येऊन बसल्या. केस पांढरे, थट्टा तीच.

"काय डॉक्टर, पेशंट कसे हायेत? तू शिकवलेलं विसरले न्हाई हं मी. घर बांधलं ना, तर दोन-तीनदा आलं तेच रोप. एकदा टाकीजवळ, एकदा जिन्याखाली. शेपूट बघितलं, आखूड. म्हटलं भेंडच. टाकलं उपटून. आता गल्लीत मीच सांगते सगळ्यांना." मग जिलबीचा तुकडा मोडत हसून म्हणाल्या, "बोधीवृक्ष काही आपणहून यायला तयार न्हाई बाबा आपल्याकडं."

मी म्हणालो, "जिलबी छान झालीय." खरंच, एवढंच म्हणालो.

त्यांचा नंबर माझ्याजवळ आहे. काकू, तो पिंपळच होता, त्यानंतर आले तेही बहुतेक पिंपळच होते, आणि पहिला ओळखून मी तुमच्याशी खोटं बोललो. एवढं सांगायचं देणं मी त्यांचं लागतो. अजून सांगितलेलं नाही.